भारतीचा पहिला शब्द

तन्मय, रेवा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगत होतात आणि मध्येच रेवाने विचारलं, "आजी, तुला कधी असला काही अनुभव आलाय का गं?" मी विषय बदलला. तुमच्याकडे थंडी किती पडली, असं काहीतरी विचारलं.

अनुभव आहे. एकच आहे. पण तो सांगायचा तर सोबत माझी एक चूकही सांगावी लागते, म्हणून इतकी वर्षं टाळलं. तन्मय, ही गोष्ट तुझी आहे, तेव्हा तुला ती कळायला हवी. लिहूनच पाठवते. बोलताना मी मागेपुढे करीन.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देऊन पुढे जाते. तन्मयच्या पायात काळा दोरा बांधायला आलेल्या शेजारणीला चहा पाजून मी परत पाठवलं होतं. अठ्ठावीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. तिथे मुलांच्या निबंधात "अचानक एक अदृश्य शक्ती..." असं काही आलं की लाल शाईने त्यावर रेघ ओढायची. तेव्हा पुढचं जे लिहिते आहे ते रंगवून लिहिलेलं नाही. जे झालं ते, ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने.

विरार पूर्व, फुलपाडा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमचे आजोबा गेल्यावर मी पुण्याहून मिलिंदकडे, तुमच्या बाबांकडे, राहायला आले. तीन मजली बिल्डिंग, दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खाली तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक गाळा होता. शेजारच्या गाळ्यात पिठाची गिरणी, आणि आमच्या गाळ्यात तुमच्या आईची शाळा.

शाळा म्हणजे अकरा मुलं, दोन चटया, एक लांब आरसा आणि चित्रांचे तक्ते. सगळी मुलं ऐकू न येणारी. शुभदाने, तुमच्या आईने, त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि मुंबईतली पक्की नोकरी सोडून तिने ही शाळा काढली होती. मिलिंद तेव्हा वसईच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. सुट्टीच्या दिवशी तो गाळ्याला रंग दे, आरसा ठोक, असली कामं करायचा. मला वाटायचं, ही दोघं वेडी आहेत. पण चांगल्या अर्थाने. सकाळी शुभदा चटया झटकताना तिचा चेहरा बघितला की माझं पुणं सोडल्याचं दुःख कमी व्हायचं.

तन्मय झाल्यावर शुभदा तीन महिने घरी राहिली. चौथ्या महिन्यात ती खाली वर्गात जायला लागली, कारण मीच तिला म्हटलं, "तू जा. बाळाचं माझ्याकडे." मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं. दूध, आंघोळ, झोप. अकरा ते साडेबारा झोप. आणि तू, तन्मय, ते पाळायचास.

आता भारतीबद्दल.

भारती सात वर्षांची. खाडीकाठच्या गावातली, वडील मिठागरावर कामाला. तिची आई कुंदा रोज तिला घेऊन यायची आणि शाळा सुटेपर्यंत शटरजवळ बसून राहायची. भारतीला जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. मशीन लावूनही फार थोडं. चौदा महिने शुभदा तिला एक शब्द शिकवत होती – पाणी. ओठांकडे बघायचं, एक हात बाईंच्या गळ्यावर ठेवायचा, दुसरा नाकाच्या बाजूला, म्हणजे आवाजाची थरथर हाताला कळते. भारती सगळं करायची. ओठ अगदी बरोबर हलवायची. पण आवाज काढायची नाही. एकदाही नाही.

याच शब्दावरून माझं आणि कुंदाचं वाजलं होतं. एकदा ती मुलीला ग्लास दाखवून म्हणाली, "पानी. बोल, पानी."

मी म्हटलं, "कुंदा, पानी नाही. पाणी. तक्त्यावर ण आहे."

"आमच्यात सगली पानीच बोलतात, मॅडम."

"म्हणून काय झालं? शिकायचं तर शुद्ध शिकायचं."

"पोरगी पानी मागनार कुनाकडं? माझ्याकडंच ना. का तुमच्याकडं यायची रोज, ग्लास घेऊन?"

शुभदा हसली. म्हणाली, "आई, त्यांचं बरोबर आहे. ती जे घरी बघते तेच तिला आधी येणार." मला ते पटलं नाही. पटलं नाही, एवढंच नाही. मी त्यानंतरही तिला टोकत राहिले.

जानेवारीतला एक मंगळवार. शाळेच्या मान्यतेसाठी तपासणीला सरकारी साहेब येणार होते. मान्यता मिळाली नाही तर जूननंतर शाळा चालवणं कठीण होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी सकाळपासून तयारीत. पाहुण्यांच्या चहाला पाणी हवं, म्हणून मी बाथरूमच्या नळाला रबरी पाइप लावून तो स्वयंपाकघरातल्या पिंपात सोडून ठेवला. आमच्याकडे नळाला पाणी दुपारी दोनला यायचं. आधी कधीच नाही. त्यामुळे नळ उघडाच ठेवला – दोनच्या आत मी परत येणारच होते, आणि पाणी आलं की आपोआप पिंप भरेल. माझ्या दृष्टीने अगदी चोख व्यवस्था.

तन्मय नुकताच पालथा पडायला लागला होता. पलंगावरून पडेल म्हणून मी त्याला खाली जमिनीवर गोधडीत झोपवायची. त्याच्यापासून दोन हातांवर एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात डासांच्या वडीचं मशीन. फुलपाड्यात तेव्हा डास दिवसाही सोडत नसत.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो झोपला. तेवढ्यात शुभदाने खालून हाक मारली. साहेबांना मुलांच्या तपासणीच्या रिपोर्टांची फाइल हवी होती आणि ती घरात राहिली होती. मी फाइल घेतली, दार ओढून घेतलं – लॅच होतं – किल्ल्या कमरेला खोचल्या आणि खाली गेले.

पाच मिनिटांत परत यायचं, असं ठरवलं होतं.

साहेब सज्जन होते. रिपोर्ट इंग्रजीत, मुंबईच्या डॉक्टरांचे. ते मला म्हणाले, "बाई, आपण इंग्रजीच्या शिक्षिका ना? जरा मोठ्याने, सावकाश वाचा. म्हणजे मला टिपण नीट करता येईल."

मी खुर्चीत बसले. एक रिपोर्ट वाचला. मग दुसरा. साहेब मान डोलावत होते, मध्ये एकदा म्हणाले, "उच्चार काय स्पष्ट आहेत आपले." मी तिसरा घेतला. तो भारतीचा होता. तिचं मशीन साहेबांनी बघायला मागितलं होतं. त्या काळी ते काडेपेटीएवढं असायचं, छातीवर कापडी पिशवीत, आणि तिथून कानापर्यंत वायर. ते काढून टेबलावर ठेवलेलं होतं. म्हणजे त्या क्षणी तिच्या कानात काहीच नव्हतं. ती समोर चटईवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी वाचत होते की या मुलीला मोठ्यात मोठा आवाजही ऐकू येत नाही. आणि भारती उठली, टेबलाशी आली आणि म्हणाली, "पानी."

आवाज घोगरा, जाडसर. पण शब्द स्पष्ट.

शुभदा उभी होती ती खाली बसली. साहेबांनी पेन ठेवलं. "हीच ना ती?" ते म्हणाले. "जिचा रिपोर्ट वाचताय?"

"हीच," शुभदा म्हणाली.

शटरपाशी कुंदा उठून उभी राहिली. "बोलली," एवढंच म्हणाली, दोनदा-तीनदा. "बोलली ना?"

कोणीतरी ग्लास भरून आणला. शुभदाने तो भारतीपुढे धरला, हसत, रडत. भारतीने तो हाताने बाजूला सारला. अर्धं पाणी टेबलावर सांडलं.

"पानी," ती पुन्हा म्हणाली. माझ्याकडे बघून.

"लाजतेय," साहेब म्हणाले. "सगळे बघताहेत ना तिच्याकडे."

आणि मी काय केलं ते लिहिते. मी खाली वाकले, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "पाणी. ण. पा-णी."

"आता तरी सोडा ओ मॅडम," कुंदा म्हणाली. "पोरगी पयल्यांदा बोलते."

मी आणखी एकदा म्हटलं – पाणी. भारतीने हात ओढून घेतला, माझा पदर मुठीत धरला आणि मला ओढायला लागली. साडी खांद्यावरून सुटायला आली. साहेबांसमोर मला लाज वाटली. मी पदर सोडवायला गेले, ती सोडेना. "पानी, पानी" चाललेलंच. शेवटी मी तिच्यामागे गेले ते केवळ तमाशा नको म्हणून. मला वाटलं, हिला बाहेरचा नळ दाखवायचा असेल.

तिने बाहेरच्या नळाकडे बघितलंसुद्धा नाही. जिन्याने वर निघाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शाळेच्या मुलांनी वर घरी यायचं नाही, हा माझाच नियम होता. भारती त्या दिवसापर्यंत एकदाही जिना चढली नव्हती. प्रत्येक मजल्यावर चार दारं, सगळी एकसारखी, आमच्या दारावर तेव्हा पाटीही नव्हती. ती पहिला मजला ओलांडून दुसऱ्यावर गेली आणि आमच्या दारावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

जिन्यात मला काही ऐकू आलं नाही. उंबरठ्याबाहेर पाण्याचा थेंब नव्हता. दार उघडलं तेव्हा आतलं पाणी माझ्या पायावर आलं.

नळाला पाणी त्या दिवशी पावणेतीन तास आधी आलं होतं. पाइप पिंपातून निसटून जमिनीवर पडला होता आणि गुपचूप वाहत होता. स्वयंपाकघरातून उतार आतल्या खोलीकडे. मेन स्विच दाराशेजारीच होतं, ते मी आधी बंद केलं. मग आत पळाले. बोर्डाला पाणी अजून लागलं नव्हतं, चार बोटं राहिली होती. तन्मय, तू गोधडीच्या बाहेर होतास, पालथा. मान वर धरून होतास, पण ती थकली होती – खाली यायची, गाल पाण्याला लागायचा, की परत उचलायचास. रडत नव्हतास. रडायला लागणारा श्वास तू मान धरायला वापरत होतास, असं मला वाटलं.

मी तुला उचललं. तू तेव्हा रडलास. भारती दारात उभी होती. तिने तुझ्याकडे बघितलं, मग जाऊन नळ बंद केला.

पुढचं थोडक्यात. शुभदा वर आली, तुला घेतलं, कोरडं केलं. साहेब दारापर्यंत आले, बघून परत खाली गेले आणि शांतपणे उरलेल्या मुलांच्या वह्या तपासत बसले. त्यांच्या टिपणात एक वाक्य होतं: "एका विद्यार्थिनीने माझ्यासमक्ष शब्द उच्चारला." मान्यता मिळाली. मे महिन्यात पत्र आलं.

पण त्या मंगळवारी संध्याकाळी ते कोणाच्या डोक्यात नव्हतं. मिलिंद कामावरून आला, सगळं ऐकून घेतलं. शुभदा तुला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "मी शाळा बंद करते. जूनपासून नाही, उद्यापासून. दोन्ही जमत नाही मला."

"न जमलेलं तुझं काही नाही," मी म्हटलं. "नळ मी उघडा ठेवला. बाळाला एकटं मी सोडलं. माझ्या चुकीची शिक्षा अकरा मुलांना कशाला?"

"आई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं."

"मुद्दाम नाही केलं म्हणून चूक लहान होत नाही. उद्या पाळणा खाली वर्गात बांध. तो तिथे झोपेल, मीही तिथेच बसेन."

"पिठाच्या गिरणीच्या शेजारी?" मिलिंद म्हणाला. "झोपेल हा?"

"झोपेल. अकरा मुलांना तो आवाज चालतो, याला का नाही चालणार?"

शुभदाला हसू आलं. त्या दिवसात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मिलिंदने गाळ्याच्या छताला हूक ठोकला आणि तुझा पाळणा खाली गेला. तू त्या वर्गातच रांगलास. बोलायच्या आधी तू हाताने "दूध" आणि "अजून" सांगायचास, ते या मुलांकडून उचललेलं. तुमच्या आईने शाळा एक दिवसही बंद ठेवली नाही.

आता कारणं. मिलिंदला आवाज, थरथर, पाइपातून येणारा धक्का असं काहीतरी असणार याची खात्री होती. पुढच्या रविवारी त्याने नळ सोडला, तसाच पाइप टाकला आणि खाली गाळ्यात जाऊन भिंतीला, फरशीला, टेबलाला हात लावून बघितलं. काही नाही. शेजारी गिरणी चालू होती, जे काही थरथरत होतं ते गिरणीचं. आमच्या खालचा फ्लॅट बंद, त्याच्या छतातून काही ठिबकलेलं नव्हतं. गाळ्याच्या तर नाहीच. बिल्डिंगमधल्या बायकांना मी एकेकीला विचारलं. पाणी लवकर आल्याचं कोणालाच कळलं नव्हतं, आमच्या घरात गडबड झाली तेव्हा कळलं.

भारतीला शुभदाने कितीदा तरी विचारलं – चित्रं काढून, खुणा करून. तुला कसं कळलं? ती दर वेळी माझ्या तोंडाकडे बोट दाखवायची. आम्हाला वाटायचं, आजीला विचारा म्हणते आहे.

भारती लिहायला शिकली तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. शुभदाने तिला तोच प्रश्न पाटीवर लिहून विचारला. तिने उत्तर लिहिलं, ते मी माझ्या वहीत उतरवून घेतलं आहे. "आजी बोलली पानी आलं. बाल एकटा हाय. आजी खूप वेल बोलली. कोन उठला नाय."

मी असं काही बोललेच नव्हते. मी डॉक्टरांचं इंग्रजी वाचत होते.

मिलिंदने याचंही कारण शोधलं. तो म्हणाला, प, ब आणि म हे ओठांवर एकसारखेच दिसतात. रिपोर्टमध्ये 'मेनी' हा शब्द असेल, तो तिला 'पानी' वाटला. मी फाइल काढून बघितली. तिच्या रिपोर्टमध्ये 'मेनी' एकदा आहे, पहिल्याच ओळीत. ती उठली तेव्हा मी दुसऱ्या पानावर होते. आणि शुभदा म्हणाली, 'मेनी' म्हणताना तोंड जेवढं उघडतं त्याच्या दुप्पट 'पानी' म्हणताना उघडतं, सात वर्षांची का होईना, ती मुलगी ओठ वाचण्यात आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. आणि समजा, 'पानी' चुकून वाचलं. 'बाळ एकटं आहे' हे कुठल्या इंग्रजी शब्दांसारखं दिसतं?

भारती आता तुमच्या आईच्या शाळेतच शिकवते. मोठा वर्ग तिच्याकडे आहे. तिचं लग्न झालं, मुलगी आहे. मागच्या आठवड्यात ती घरी आली होती तेव्हा, हे लिहायचं म्हणून, मी तिला परत विचारलं. ती आता आवाजाने बोलते, हळू आणि नीट.

"आजी, तुम्हीच सांगत होता," ती म्हणाली. "मी बघितलं."

"मी रिपोर्ट वाचत होते, भारती."

"नाही. आधी वाचत होता. मग सांगत होता. माझ्याकडे बघून."

मी तिला म्हटलं, कदाचित माझ्या मनात बाळाची काळजी असेल आणि ती चेहऱ्यावर दिसली असेल. तिला ते पटल्यासारखं वाटलं. शुभदालाही पटलं. शुभदा म्हणाली, "आई, तसंच असणार. मनातलं ओठांवर आलं असेल, तुमच्या नकळत."

त्या दोघींसमोर मी मान हलवली. तुम्हाला खरं सांगते. मला हे कारण कोणापेक्षाही जास्त हवं आहे, कारण मग मी निदान इतकी तरी चांगली आजी ठरते. पण ते खोटं आहे. त्या पंचवीस मिनिटांत माझ्या मनात तन्मय नव्हता. नळ नव्हता, पाइप नव्हता. साहेब माझं इंग्रजी ऐकत होते आणि मला ते फार आवडत होतं. मी तुला पूर्णपणे विसरले होते.

तेव्हा भारतीने माझ्या ओठांवर जे वाचलं, ते माझ्या मनातून आलेलं नव्हतं. कुठून आलं, ते मला आजही माहीत नाही.

तुमची,
आजी